हॉर्न वाजेपर्यंत

आई-बाबांनो, अर्ज भरून झाला असेल, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून झालं असेल, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरची चर्चा आता ‘पार्किंगची सोय आहे का?’ इथपर्यंत आली असेल. तुमचं मूल पहिल्यांदाच स्टँडअप पॅडलबोर्डच्या शर्यतीत उतरणार आहे. त्याआधी थोडं बोलूया. अशा शर्यतींना मी पाण्यावर असते. स्वतः शर्यत मारते ती क्वचित. एरवी मुलांच्या आजूबाजूला सुरक्षेसाठी जे तीन-चार बोर्ड आणि एखादी होडी फिरत असते, त्यातल्या एका बोर्डवर मी असते. त्यामुळे किनाऱ्यावर उभे असलेले आई-बाबा मला समुद्राच्या बाजूने दिसतात. ते दृश्य तुम्ही कधी पाहिलेलं नसणार, म्हणून आधी तेच सांगते.

पाण्यावरून किनारा ऐकू येतो, पण शब्द ऐकू येत नाहीत. लाटांचा आवाज, कानात शिरणारा वारा, स्वतःच्या धापा, आणि त्यातून ‘ए... ए...’ असं काहीतरी. ‘शाब्बास’ आणि ‘काय करतोयस!’ यांतला फरक मुलाला फक्त सुरावरून कळतो. तो मात्र अचूक कळतो. दुसरी गोष्ट हातांची. डोक्यावर हात नेऊन जोरजोरात हलवणं ही पाण्यावर मदत मागायची खूण आहे. तुम्ही हुरूप यावा म्हणून टॉवेल फिरवता आणि आमच्यातलं कुणीतरी शर्यतीवरची नजर काढून किनाऱ्याकडे बघतं, की बाबा, तिथे कुणाला काय झालं?

माझं म्हणणं एवढंच आहे. या खेळात आई-बाबांना काम भरपूर आहे, पण ते सगळं शर्यत सुरू होण्याचा हॉर्न वाजायच्या आधीचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. आधीचं सगळं ‘सर बघतील’ म्हणून सोडून द्यायचं, आणि हॉर्न वाजला की अंगात आल्यासारखं करायचं.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फिरायला वापरतात तो बोर्ड साधारण साडेदहा फूट लांब आणि ३२ इंच रुंद असतो. त्यावर तुम्ही-आम्हीही पहिल्याच दिवशी उभे राहू. शर्यतीचा बोर्ड १४ फूट लांब आणि मोठ्यांच्या वरच्या गटात २१ ते २४ इंच रुंद. मुलांना साडेबारा किंवा चौदा फुटांचा देतात, जरा रुंद बघून. रुंदी कमी झाली की वेग वाढतो आणि त्याबरोबर पायांची थरथरही वाढते. उभं राहण्यातच ताकद संपली तर पॅडल मारायला काय उरणार? ‘त्याच्या मित्राने तेवीस इंची घेतलाय’ हे बोर्ड घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

शर्यतीही एका जातीच्या नसतात. सरळ रेषेत दोनशे मीटरची स्प्रिंट असते, काही किलोमीटरांचा लांब पल्ला असतो, आणि तिसरी टेक्निकल. तिच्यात पाण्यात टाकलेल्या बोयांना वळसे घालत फेऱ्या मारायच्या असतात, कधी लाटा फोडून आत जायचं आणि लाटेवरूनच बाहेर यायचं असतं. मुलं यूट्यूबवर जे बघतात ते वेगळंच. हवाईतल्या मोलोकाईहून ओआहूपर्यंत सामुद्रधुनी ओलांडणारी ३२ मैलांची शर्यत, किंवा नेदरलँड्समधल्या फ्रिसलँड प्रांतात अकरा गावांतून कालव्याकालव्यांनी पाच दिवसांत २२० किलोमीटर. ते बघून डोळे चमकतात आणि चमकू द्यावेत. फक्त त्या व्हिडिओत एक गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटते, ती तुम्ही दाखवा. मोलोकाईच्या शर्यतीत जगातले उत्तमोत्तम पॅडलर असतात, तरी सोबतीची होडी असल्याशिवाय तिथे कुणालाच सोडत नाहीत.

आता बोयावरचं वळण. किनाऱ्यावरून ते फक्त एक घोळका दिसतं, म्हणून जवळून सांगते. आठ-दहा मुलं एकाच नारिंगी बोयाकडे एकदम येतात. चौदा फुटांचा बोर्ड पॅडलने रेटून वळवायचा म्हटला तर अर्धा समुद्र फिरून यावं लागेल. म्हणून बोया जवळ आला की एक पाय मागे टाकायचा, मग दुसरा, शेपटीवर भार द्यायचा. मागचं टोक पाण्यात बुडतं, पुढचं नाक वर उचललं जातं, आणि तेवढ्या क्षणात पॅडलचा एक रुंद फटका देऊन सगळा बोर्ड गर्रकन फिरवायचा. लगेच धावल्यासारखं पुढे यायचं, नाहीतर शेपूट बुडतच जाते. हे सगळं चालू असताना डावीकडून कुणाचं तरी नाक तुमच्या घोट्यावर येतं, मागून कुणाचं पॅडल पोटरीला लागतं. दोघं-तिघं पडतातच. पडणारं मूल चांगलं शिकलेलं असेल तर आडवं, पसरून पडतं, सूर मारत नाही, कारण खाली पाणी किती आहे कुणास ठाऊक. वर आलं की आधी बोर्ड धरतं, पॅडल नंतर. बोर्डच्या मधोमध हात टाकून, पाय झटकत पोटावर चढतं, गुडघ्यावर येतं, उठतं. सरावाचं मूल हे सगळं एवढ्या चटकन करतं की तुमच्या तोंडून ‘अरे पडला!’ निघेपर्यंत ते पुन्हा उभं असतं.

आणि ज्याला तुम्ही ‘पुढे काढ, पुढे काढ’ म्हणून घसा फोडून सांगता, ते मूल अनेकदा मुद्दाम मागे असतं. पुढच्या बोर्डच्या मागोमाग उठणाऱ्या पाण्याच्या घडीवर आपला बोर्ड ठेवला की बरीच मेहनत वाचते. सायकलच्या शर्यतीत पुढच्याच्या आडोशाने जातात, तसाच हा प्रकार. याला ड्राफ्टिंग म्हणतात. बहुतेक स्पर्धांत आपल्याच गटातल्या स्पर्धकाच्या मागे राहून ते करायला परवानगी असते. दोन फेऱ्या मागे राहून शेवटच्या बोयावर बाहेर पडायचं, असा मुलीचा बेत असतो. तेवढ्यात किनाऱ्यावरून बाबांचा आवाज येतो, आणि बिचारी बेत मोडून अर्ध्या वाटेतच बाहेर पडते. मग वारा तिच्या एकटीच्या छातीवर.

सिंधुदुर्गातल्या एका शर्यतीत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. दुसऱ्या फेरीला वारा उठला. ती बोयाला वळसा घालून किनाऱ्याकडे तोंड करते तोवर समोरून पाणी कापरं झालं होतं, छोट्या टोकदार लाटा. तिने चार-दोन फटके मारून पाहिले, बोर्ड जागचा हलेना. मग ती शांतपणे गुडघ्यावर बसली, पॅडलवरची पकड खाली घेतली आणि छोटे छोटे फटके मारायला लागली. किनाऱ्यावर तिचे बाबा पाण्यात गुडघाभर आत आले होते. ‘उभी राहा! उभी राहा गं!’ माझ्या बाजूच्या होडीवर गावातलेच मासेमारी करणारे एक रापणकार काका होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “चेडू शाणा आसा.”

पोरगी शहाणी आहे म्हणणारे काका बरोबर होते. उभा माणूस वाऱ्याला अडतो. समोरून वारा असताना गुडघ्यावर बसणं, आणि फारच झालं तर पोटावर आडवं होऊन हातांनी वल्हवणं, हेच शिकवलेलं असतं. शर्यतीत गुडघ्यावर किती फटके मारायचे याला मर्यादा असते. तिने ती ओलांडली, आणि ओलांडते आहे हे तिला माहीत होतं. तिने निकालातलं नाव सोडलं आणि परत आली. बाबांना वाटलं, हिने कच खाल्ली. माझ्या हिशेबी त्या सकाळी पाण्यावर सगळ्यात पक्का निर्णय तिचा होता. तो घ्यायला तिला आधी कुणीतरी परवानगी दिलेली असायला हवी होती, आणि ती परवानगी आम्ही नाही, तुम्ही द्यायची असते. आदल्या रात्री, जेवताना, साध्या शब्दांत. ‘वाटलं तर बस. वाटलं तर परत ये. होडीला हात कर. कुणी काही म्हणणार नाही.’ आणि मग खरंच काही म्हणायचं नाही.

तर मग हॉर्नच्या आधीची कामं. पहिलं पोहणं. ‘पाच वर्षं क्लबमध्ये पोहतो’ असं पालक सांगतात तेव्हा मी विचारते, पायाखाली जमीन नसताना, टाइल्सची रेघ दिसत नसताना, कपड्यांसकट पोहलाय का? दहा मिनिटं एकाच जागी तरंगत राहू शकतो का? टँकमध्ये पदकं आणलेली मुलं खाऱ्या पाण्याचा पहिला घोट गेला की बावरतात. शर्यतीआधी हे एकदा तुमच्या डोळ्यांसमोर होऊन जाऊ द्या.

दुसरी लीश, म्हणजे पायाला आणि बोर्डला जोडणारी दोरी. बोर्ड हे मुलाचं सगळ्यात मोठं लाइफ जॅकेट आहे. वारा असला तर मोकळा सुटलेला बोर्ड कुठलंही मूल पोहून गाठू शकत नाही. म्हणून समुद्रात आणि साठलेल्या पाण्यात गुंडाळीची लीश पोटरीला किंवा घोट्याला, न चुकता. वाहत्या नदीत मात्र हीच लीश गळफास ठरू शकते. बोर्ड एका बाजूने फांदीला किंवा पुलाच्या खांबाला अडकला, प्रवाह दुसऱ्या बाजूने खेचतोय, आणि दोरी घोट्याला, जिथे वाकून हात पोचवणं त्या जोरात शक्य नाही. तिथे कमरेच्या पट्ट्याला लावलेली, एका ओढीत सुटणारी लीश लागते.

हे सांगताना मला वेल्समधलं हॅवरफोर्डवेस्ट आठवतं. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी तिथल्या नदीवर एक गट पॅडलबोर्डने सहलीला निघाला होता. शर्यतही नव्हती. पावसाने नदी फुगलेली, वाटेत बंधारा. त्या बंधाऱ्यावरच्या अपघातात चार जणांचा जीव गेला. नंतरच्या चौकशीत समोर आलं, की लोकांना बंधाऱ्याची नीट कल्पना दिलेली नव्हती आणि त्या पाण्याला योग्य लीश त्यांच्याकडे नव्हती. तुम्ही म्हणाल, वेल्स कुठे आणि आपण कुठे. पण पंचगंगा, कृष्णा, भोगावती या नद्यांवर दर काही मैलांवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहेच की. उन्हाळ्यात तो निरुपद्रवी दिसतो, वरून लोक मोटारसायकली नेतात. त्यावरून पाणी पडायला लागलं की खालच्या बाजूला पाणी जागच्या जागी उलटं फिरत राहतं आणि सापडलेल्याला बाहेर सोडत नाही. पोहणं येतं की नाही याचा तिथे काही संबंध उरत नाही. नदीवर सराव करणाऱ्या मुलांच्या आई-बाबांनी वरच्या आणि खालच्या बंधाऱ्याचं अंतर स्वतः जाऊन बघावं. आणि पावसाळ्यात नदी बंद म्हणजे बंद. तिथे कोचचंही ऐकू नका.

तिसरा वारा. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले आणि पेपर झाला की विसरलो. मुलगा कोकणात किंवा गोव्यात शर्यत मारणार असेल तर ते पान पुन्हा उघडा. पहाटे हलका वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, उन्हं चढली की फिरतो आणि समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, जोर धरतो. सकाळी साडेसहाला बोलावलं म्हणून आमच्यावर चिडणाऱ्यांना त्याचं उत्तर यातच मिळेल. पण गंमत म्हणजे मला भीती वाटते ती दुपारच्या वाऱ्याची नाही. तो निदान मुलाला किनाऱ्याकडे ढकलतो. सकाळचा वारा फसवा. किनाऱ्यालगत माडांचा आडोसा असतो, पाणी सपाट, सगळे म्हणतात ‘आज काय मस्त आहे’. दोन-तीनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो आणि पाठीवरचा वारा बोर्डला हळूहळू बाहेर नेत राहतो. मुलाला वाटतं आज आपण फारच वेगात आहोत. परत फिरलं की खरं काय ते कळतं. हवा भरायचे बोर्ड जाड असतात, पाण्यावर उंच तरंगतात, ते तर आणखी लवकर वाऱ्याला लागतात.

त्यात ओहोटी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा जागी, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी मुखाकडे धाव घेतं. तिथे सराव करायचा तर पंचांगातली तिथी बघूनच घराबाहेर पडावं. आजी यात तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार असते. तिला विचारा.

चौथं काम नाजूक आहे. अर्जावर ‘दमा, फिट्स, हृदयाचा त्रास आहे का?’ असा रकाना असतो, आणि तिथे सर्रास ‘नाही’ लिहिलेलं असतं. पाण्यावर आल्यावर मूल स्वतःच सांगतं, “मॅम, माझा पंप बॅगेत राहिलाय.” दमा आहे म्हणून कुणी शर्यतीतून काढत नाही. पंप सुरक्षेच्या होडीवर ठेवतात, एवढंच. फिट येत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्यात पाठवू नका, आणि आमच्यापासून लपवून तर मुळीच नाही.

आता पैशांचं. शर्यतीचा कार्बनचा बोर्ड बाहेरून मागवावा लागतो आणि किंमत लाखांत जाते. वाढत्या वयाच्या मुलाला तो दोन वर्षंही पुरत नाही. शिवाय चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. तो पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्याच्या वळणावर अडकतो, आणि सोसायटीचे चेअरमन पार्किंगमध्ये ठेवू देत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं क्लबचा बोर्ड वापरा, नाहीतर गुंडाळून पिशवीत भरता येणारा, हवा भरायचा शर्यतीचा बोर्ड बघा. पैसे घालायचेच असतील तर पॅडलमध्ये घाला. हलकं, छोट्या पात्याचं आणि लांबी कमी-जास्त करता येणारं. मूल उभं राहिलं की पॅडल त्याच्या डोक्यावर वीतभर असावं, फार नको. मोठ्या भावाचं लांब पॅडल धाकट्याला देतात आणि सहा महिन्यांनी ‘खांदा दुखतो’ म्हणून येतात. मुलं वाढतात, चपलेचं माप बदलतं तेव्हा पॅडलचंही बघावं. आणि मूल सारखं एकाच बाजूने पॅडल मारत असेल तर सरांच्या कानावर घाला, कंबर आणि खांदा दोन्ही वाचतील.

खाण्याबद्दल फार बोलत नाही. शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला प्रेमाने तळलेल्या पुऱ्या पहिल्याच बोयावर वर येतात, ते आम्ही पाहिलेलं आहे. दोन तास आधी इडली, केळं, पोहे. सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत. पाठीवर पाण्याची पिशवी बांधून लांब पल्ल्याच्या शर्यतीला जायचं असेल तर ती आधी सरावात बांधून बघा. नवीन वस्तू शर्यतीच्या दिवशी काढायची नसते.

मुलींच्या आयांशी एक वेगळं बोलायचं आहे. ‘किती काळी पडलीय’ हे वाक्य. मामी म्हणते, शेजारीण म्हणते, आणि तुम्हीही म्हणता. उन्हापासून कातडी जपायलाच हवी. पाण्यावरून परतलेलं ऊन खालूनही लागतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा लायक्रा, झिंकचा लेप, टोपी, ओठांना मलम. ते रंगासाठी नाही, भाजू नये म्हणून. रंगाची चर्चा बाजूला ठेवा आणि मंगळुरूकडची तन्वी जगदीश बघा. भारतातून या खेळात पहिल्यांदा पुढे आलेल्या मुलींपैकी ती एक. तिलाही सुरुवातीला घरून विरोध होता. २०१६ साली ती फिजीतल्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. तिकडे चेन्नईजवळच्या कोवलममधला, याच खेळातला शेखर पचई मच्छीमारांच्या गावातून आला. आपल्या किनाऱ्यावर तांडेलांच्या आणि रापणकारांच्या घरातली मुलं कमी आहेत का? वारा, भरती, पाण्याचा रंग यांचं शिक्षण त्यांना घरीच मिळालेलं असतं. पण शर्यतींच्या यादीत अजून शहरांतली नावंच जास्त दिसतात, कारण प्रवेश फी आणि बोर्डचं भाडं. क्लबांनी याचा विचार करावा असं मी अधूनमधून बोलून दाखवते. आज तुम्हालाही सांगून ठेवते.

‘ऑलिंपिकमध्ये आहे का हो हे?’ हा प्रश्न येतोच. नाही. २०१९ च्या लिमामधल्या पॅन अमेरिकन स्पर्धेत पॅडलबोर्डच्या शर्यतीला पदक होतं. ऑलिंपिकपर्यंत हा खेळ अजून गेलेला नाही. हा खेळ कुणाचा, सर्फिंगवाल्यांचा की कनोइंगवाल्यांचा, यावरून दोन आंतरराष्ट्रीय संघटना क्रीडा लवादापर्यंत भांडल्या. २०२० मध्ये निकाल लागला, की ऑलिंपिकच्या पातळीवर तो सर्फिंग संघटनेकडे राहील. दोघांच्याही जागतिक स्पर्धा चालू आहेत. आपल्याकडे सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया हे बघते. २०२४ च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर व्यावसायिक जागतिक दौऱ्याची शर्यत भारतात पहिल्यांदा झाली, तिच्यात मुलांचाही गट होता. म्हणजे वाट आहे, पण क्रिकेटसारखा हमरस्ता नाही. दहावीचे वाढीव गुण, नोकरीतला कोटा यासाठी जर पोराला पाण्यात उतरवत असाल तर आधी शाळेत आणि क्रीडा कार्यालयात जाऊन नियम वाचा. ते दरवर्षी वाचावे लागतात. फक्त त्या हिशेबाचं ओझं मुलाच्या बोर्डवर टाकू नका. शर्यतीच्या आदल्या दिवशी ‘हे पदक आलं तर...’ ने सुरू होणारं वाक्य मुलं आम्हाला ऐकवतात, तुमच्या आवाजाची नक्कल करून.

आयोजकांना प्रश्न विचारायला लाजू नका. पाण्यावर सुरक्षेला किती जण आहेत? वारा किती झाला की शर्यत थांबवणार, आणि तो निर्णय कोण घेणार? गेलेलं प्रत्येक मूल परत आलं हे कोण मोजणार? ‘काळजी करू नका हो’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. समाधान झालं नाही तर मुलाला घेऊन परत फिरा. प्रवेश फी बुडेल, ती बुडू द्या.

शर्यतीनंतरचं थोडक्यात. मूल पाण्यातून बाहेर येतं तेव्हा पाय लाकडासारखे झालेले असतात. वाळूवर दोन पावलं टाकताना ते झोकांड्या खाईल, घाबरू नका. आधी पाणी, मग सावली. ‘कितवा आलास?’ हे फळ्यावर लागणारच आहे, ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायची गरज नाही. विचारायचंच तर विचारा, ‘दुसऱ्या बोयाला वारा कुठून होता?’ उत्तर मोठं आलं तर पोरगं शिकतंय असं समजा. मग त्याच्याकडूनच बोर्ड आणि लीश गोड्या पाण्याने धुऊन घ्या. हे काम बाबांनी करायचं नाही. चौदा वर्षांचा घोडा उन्हात आइस्क्रीम खातोय आणि बाप पाइप धरून बोर्ड धुतोय, हे चित्र मला बघवत नाही.

आणि तरीही हॉर्न वाजल्यावर ज्यांचे हात नुसते राहूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी आमच्याकडे काम आहे. आम्हाला दरवेळी माणसं कमी पडतात. सुरुवातीच्या रेषेवर एकाने छातीवरचे नंबर लिहून घ्यायचे, शेवटच्या रेषेवर दुसऱ्याने आलेल्या नंबरावर खूण करायची, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत जागा सोडायची नाही. तोंडाने ओरडायला फुरसत मिळत नाही. आपल्याच मुलाच्या गटाचं हे काम कुणाला देत नाही, बाकी कुठलाही गट मागून घ्या. सकाळी सहाला नोंदणीच्या टेबलापाशी या. वही-पेन आमचं, टोपी आणि पाण्याची बाटली तुमची.